सोडवलेला पेपर परत उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पीयूसी सेकंडचे, म्हणजे बारावीचे, वर्ग सुरू झालेत आणि आमच्या येळ्ळूरच्या बसस्टॉपवर कुणीही पालक भेटला की एकच विषय, कुठल्या क्लासला घातलंस, फी किती, आठवड्याला टेस्ट किती घेतात. गेल्या वर्षी मीसुद्धा हेच विचारत फिरलोय म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे, शिक्षण आयटीआयपर्यंत, फिजिक्स केमिस्ट्री काही मला शिकवता येत नाही. पण मुलीचे सीईटीचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क कशानं अडकले होते आणि कशानं सुटले ते मी रोज रात्री तिच्याशेजारी बसून बघितलंय आणि ते इतर घरांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं.

मुलगी दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, मग बेळगावात सायन्सला. क्लास लावला, फी जमवायला वर्षभर ओव्हरटाईम केला. दर रविवारी टेस्ट व्हायची, मोबाईलवर नुसता आकडा यायचा, फिजिक्स ६० पैकी २७, पुढच्या रविवारी २९, मग परत २६. पेपर परत मिळायचा नाही आणि कुठलं कशानं चुकलं ते कुणी सांगायचं नाही. मी रागावलो की ती म्हणायची, "रोज एक पेपर सोडवतोय की मी पप्पा, अजून काय करू?" आणि खरंच ती सोडवत होती, ढीगभर पेपर सोडवून झालेले, एकदा आन्सर की बघून बरोबर-चूक मोजायचं की तो पेपर गादीखाली आणि दुसरा हातात.

आमच्याकडं शॉपमध्ये जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट झाला की तो नुसता भंगारात टाकत नाहीत. लाल खडूनं फुली मारून बाजूला ठेवतात आणि संध्याकाळी सुपरवायझर वहीत कारण लिहायला लावतो, ड्रॉइंग चुकीचं वाचलं, का सेटिंग चुकलं, का टूल झिजलं होतं. कारण कळल्याशिवाय त्याच मशीनवर पुढचा जॉब लावायचा नाही हा नियम. एका रात्री तिनं घरी सोडवलेला फिजिक्सचा एक पेपर हातात घेऊन बसलो आणि तिला म्हटलं आपण हेच करू, नवा पेपर आठ दिवस बंद, हे जे ३३ प्रश्न गेलेत त्यातल्या प्रत्येकापुढं कारण लिही. तिला ते पटलं नाही, वेळ जातोय म्हणून रडली पण, तरी बसली.

दोन रात्री लागल्या. त्यातून जे निघालं ते बघून आम्ही दोघंही गप्प झालो. ३३ मधले अजिबात न येणारे फक्त १२ होते. ९ प्रश्न वाचण्यात गेलेले. खालीलपैकी कुठलं विधान इनकरेक्ट आहे असं विचारलंय आणि हिनं पहिलं बरोबर विधान दिसलं की तेच मारलंय. 'इनिशियली ॲट रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, हे तिला मराठीत सांगितलं तर झोपेत सोडवेल, पण इंग्रजीत ते तीन शब्द नजरेतून सुटायचे. रिस्पेक्टिव्हली, एक्सेप्ट, ॲट लीस्ट, सगळी तीच गत. कर्नाटक सीईटीचा पेपर इंग्रजी नाहीतर कन्नडमध्ये असतो, त्यामुळं आपल्या मराठी शाळेतल्या पोरांना हे ओझं जास्तीचं आहे आणि ते कुठल्याच क्लासच्या टाईमटेबलमध्ये नसतं. एक्सलरेशन म्हणजे त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग हे शब्द पोरं पाठ करतातच, अडवणारे शब्द हे असले बारके असतात. तिनं असे शब्द एका कागदावर लिहून चुलीमागच्या भिंतीवर चिकटवले, भाकरी करता करता तिची आई पण वाचायला लागली.

बाकीचे हिशोबात गेलेले आणि शेवटच्या दहा मिनिटांत गेलेले. एक प्रश्न अजून आठवतो, लेन्सची फोकल लेंथ २० सेंटिमीटर, पॉवर किती. तिनं एक भागिले २० करून ०.०५ काढलं आणि ऑप्शनमध्ये ०.०५ होतंच, पेपर काढणाऱ्याला पोरं कुठं घसरतात ते पक्कं ठाऊक असतं. सेंटिमीटरचा मीटर केला की उत्तर ५ डायॉप्टर. फॉर्म्युला तिला येत होता, युनिट बघायची सवय नव्हती. आमच्या भाषेत ज्ञान होतं, सेटिंग चुकलं.

वेळेचं सांगायचं तर सीईटीला एका विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद, आणि त्यातच ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोल काळे करायचे. ती सगळे गोल शेवटी करायची आणि शेवटी हात थरथरायचा. मग एक पान झालं की त्या पानाचे गोल भरायचे अशी सवय लावली. पेपर साडेदहाला आणि अडीचला असतात, म्हणून रविवारी घरी पण तीच वेळ ठेवली. अडीचला जेवण अंगावर आलेलं असतं, एप्रिलचं ऊन असतं, त्यावेळी गणित सोडवायची सवय रात्री अकराला अभ्यास करून लागत नाही.

अजून एक, आपल्याकडची बरीच पोरं एकाच वर्षी तीन-तीन परीक्षा देतात आणि तिन्हीची तयारी एकाच पद्धतीनं करतात. कर्नाटक सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही गोल रिकामा सोडायचा नाही. मेडिकलच्या नीटला बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ वजा, १८० प्रश्न १८० मिनिटांत. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत निगेटिव्ह नाही पण गणिताचा प्रश्न २ मार्कांचा, फिजिक्स केमिस्ट्रीचा एकेक मार्काचा, ५० गणितं ९० मिनिटांत आणि ती पण कॉम्प्युटरवर. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनमध्ये टाईप ई म्हणून अर्ज करता येतो हे अजून कित्येक घरांत माहीतच नाही, माहीत असतं तर मुलांनी त्या पेपरचा सराव आधीपासून केला असता. आणि नीटचा मराठी पेपर महाराष्ट्रातल्या सेंटरवरच मिळतो, म्हणून ज्याला मराठी हवाय त्यानं फॉर्म भरतानाच कोल्हापूरसारखं सेंटर बघावं. मात्र दोन वर्षं इंग्रजीत शिकून ऐनवेळी मराठी पेपर घेणं मला स्वतःला धोक्याचं वाटतं, अनुवादात गोंधळ असला तर इंग्रजीच धरतात.

इंजिनिअरिंगच्या रँकला इथं निम्मे मार्क पीयूसीच्या बोर्डाचे आणि निम्मे सीईटीचे धरतात. सीईटी सीईटी करत बोर्ड सोडून दिलेली पोरं मी बघितलीत, वाईट वाटतं.

चुकांची कारणं लिहायला तिनं वही केली, फेब्रुवारीपर्यंत अशा तीन वह्या झाल्या. गंमत म्हणजे पेपर निम्मे झाले आणि मार्क वाढले, फिजिक्स ४१ वर गेलं, गणितात तिसऱ्या महिन्यात फरक पडला, केमिस्ट्री मात्र शेवटपर्यंत फार हललं नाही कारण तिथं खरंच पाठांतर कमी होतं आणि त्याला वहीचा उपयोग नव्हता, पुस्तकच परत वाचायला लागलं. आज ती इथंच बेळगावात इंजिनिअरिंगला आहे.

माझी क्लासवाल्यांना आणि कॉलेजांना हात जोडून विनंती आहे, टेस्टची संख्या कमी करा, पण प्रत्येक टेस्ट मुलाच्या हातात परत द्या आणि पेपरला जेवढा वेळ दिला तेवढाच चुकांना द्या. आणि पालकांनी पण मार्क किती पडले हे विचारायच्या आधी कुठं आणि का गेले ते विचारावं, त्याला शिक्षण लागत नाही, पोराशेजारी बसायला लागतं.

जुने पेपर विकत घ्यायची पण गरज नाही, कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या वेबसाईटवर फुकट आहेत. आमच्या गल्लीतल्या मंडळाची खोली गणपती सोडून वर्षभर कुलूपबंदच असायची, ती आता रविवारी उघडतो. भिंतीवर घड्याळ, ओएमआरच्या झेरॉक्स, साडेदहाला पेपर, मग चहा, आणि मग बारापासून चुकांची वही. सध्या अकरा पोरं येतात, शेजारच्या गावातून पण दोघं सायकलवरून येतात. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी समजावून सांगायला बसतात, मराठीत. खोलीत अजून सहा-सात जणांची जागा आहे, फी काही नाही, येताना निळा पेन आणि एक कोरी वही आणावी.

आपला,
एक पालक, येळ्ळूर, ता. जि. बेळगाव