चित्रे मुंबईतच राहू द्या, कार्यक्रम मात्र खानदेशात पाठवा

मा. संपादक,
स. न.

मुंबईतील एका मोठ्या संग्रहालयात सध्या फ्रेंच चित्रकलेचे प्रदर्शन भरले आहे. पारोळा, अमळनेर आणि धरणगाव येथील आम्ही सहा आजी-माजी कलाशिक्षक आणि कलाशिक्षक पदविकेचे नऊ विद्यार्थी असे पंधरा जण गेल्या महिन्यात ते पाहून आलो. प्रदर्शनाबद्दल आमची तक्रार नाही. चित्रांची मांडणी, प्रकाशयोजना, दोन चित्रांमध्ये सोडलेली ऐसपैस जागा हे सारे पाहून समाधान वाटले. आणि ज्या चित्रकारांची नावे तीस वर्षे फळ्यावर लिहिली, त्यांच्या कुंचल्याचे फटकारे हातभर अंतरावरून पाहताना माझ्यासारख्याचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. हे पत्र लिहीत आहे ते या प्रदर्शनाला जोडून होणाऱ्या व्याख्यानांविषयी, मार्गदर्शित फेऱ्यांविषयी आणि कार्यशाळांविषयी.

कार्यक्रमपत्रिका जाड कागदावर देखणी छापली आहे. तिच्यातली जवळजवळ सगळी व्याख्याने आठवड्याच्या मधल्या वारी, संध्याकाळी साडेसहाला आणि इंग्रजीतून आहेत. नावनोंदणी मोबाइलवरून करायची असते आणि ती सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ‘जागा शिल्लक नाहीत’ असे उत्तर येऊ लागते. मराठीतून फेरी संपूर्ण प्रदर्शनकाळात एकच, तीही बुधवारी दुपारी बारा वाजता. बुधवारी भर दुपारी मोकळा असणारा मराठी माणूस आयोजकांना कुठे भेटला कोण जाणे. आमच्यातल्या नोकरदारांनी मात्र नैमित्तिक रजा टाकल्या, अमरावतीहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीने आम्ही पहाटे मुंबईत उतरलो आणि स्टेशनच्या प्रतीक्षालयातच तोंडे धुऊन त्या फेरीला हजर झालो. त्याच संध्याकाळच्या व्याख्यानाला नोंदणी पूर्ण झाल्याचे सांगून आम्हाला आधी परत पाठवले गेले. नंतर दारावरच्या एका भल्या कर्मचाऱ्याने आत सोडले, तेव्हा सभागृहातल्या तिसरा हिस्सा खुर्च्या रिकाम्याच होत्या. फुकटची नोंदणी करून लोक येत नाहीत, त्याला आयोजक तरी काय करणार, हे समजू शकते. पण नाट्यगृहाच्या खिडकीवर उरलेल्या जागा आयत्या वेळी देतात तशी सोय इथेही करता येण्यासारखी आहे. सव्वासातला आम्हाला अर्ध्या व्याख्यानातून उठावे लागले, कारण परतीची गाडी आमच्यासाठी थांबणार नव्हती.

मराठी फेरी घेणारी मुलगी हुशार होती, मनापासून बोलत होती. तिच्या हातातले टिपण मात्र इंग्रजीवरून उतरवलेले होते आणि ते शब्दाशब्दाला जाणवत होते. शेतकऱ्यांच्या जीवनावरील फ्रेंच चित्रांचा विषय निघाला तेव्हा तिने हातातल्या पडद्यावर झां-फ्रांस्वा मिये याचे १८५७ सालचे प्रसिद्ध चित्र दाखवले आणि त्याचे नाव सांगितले, ‘अवशिष्ट धान्य गोळा करणाऱ्या स्त्रिया’. आमच्याबरोबरच्या धरणगावच्या बाई लगेच म्हणाल्या, “म्हणजे सरवा वेचणाऱ्या.” त्या मुलीने हा शब्द ऐकलेला नव्हता. मग बाईंनीच सांगितले की पीक काढून खळ्यावर गेले की रानात पडलेली कणसे, लोंब्या वेचायला गरिबाघरच्या बायका शिरतात, मालक सहसा अडवत नाही, आणि दिवसभर वाकून संध्याकाळी ओटीत जेमतेम शेर-दोन शेर जमते. त्यानंतर आम्ही पंधराही जण त्या वीतभर पडद्याभोवती दाटीने उभे राहिलो. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठलेली; मागे दूरवर रचलेल्या गंजी, भरत असलेली गाडी, आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला मुकादम. सरवा वेचण्याची मुभा हा फ्रान्समध्येही गोरगरिबांचा जुना रिवाज होता आणि हे चित्र पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागले तेव्हा सुखवस्तू प्रेक्षकांना ते टोचले होते, ही माहिती त्या मुलीकडे तयार होती. ती बाईंच्या बोलण्यानंतर आली म्हणून कायमची लक्षात राहिली. त्या मुलीने ‘सरवा’ हा शब्द वहीत लिहून घेतला, याचे मला कौतुक वाटते. मुंबईत छापले जाणारे मराठी टिपण जिल्ह्यातल्या दोन-चार शिक्षकांच्या नजरेखालून आधीच गेले असते, तर तो शब्द तिच्या टिपणात सुरुवातीपासून असता, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच मुद्द्याला धरून थोडे विस्ताराने लिहितो. त्या संध्याकाळी व्याख्यात्यांनी एदगार देगा याच्या नर्तकींवर बराच वेळ दिला, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच देगाने १८७३ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे आपल्या मामाच्या कापूस-पेढीचे चित्र काढले, त्याचा उल्लेखही झाला नाही. हे चित्र या प्रदर्शनात नाही. ते फ्रान्समधल्या पो या गावच्या संग्रहालयात आहे. त्या संग्रहालयाने ते १८७८ साली विकत घेतले आणि देगाचे एखाद्या संग्रहालयाने खरेदी केलेले ते पहिले चित्र ठरले. पुढ्यातच उंच टोपी घातलेला मामा खुर्चीत बसून बोटांनी कापसाचा पेळू उलगडून धागा पाहतो आहे; देगाचा एक भाऊ वर्तमानपत्रात डोके घालून बसला आहे, दुसरा डावीकडे खिडकीला टेकून रिकामा उभा आहे; मधल्या टेबलावर पांढराशुभ्र कापूस पसरला आहे आणि उजवीकडे कारकून खतावण्यांवर वाकला आहे. या चित्राची छापील प्रत मी अनेक वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात दाखवली होती. मी एक अक्षर बोलण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हाऊ ते जिनना शेठ शे!” म्हणजे हा तर जिनचा शेठ आहे. त्या पोराचा बाप जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, हमाल होता. माल हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ताणून धाग्याची लांबी पाहणारा व्यापारी त्याने दर हंगामात पाहिलेला होता. पॅरिसच्या समीक्षकालाही जे समजावून सांगावे लागले असते, ते त्याला आपोआप दिसले.

गोष्ट इथेच संपत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद पडले, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, मुंबईत भाव आकाशाला भिडले आणि त्याचा पैसा खानदेशच्या काळ्या मातीपर्यंत झिरपला. युद्ध थांबताच भाव कोसळले आणि अनेक जण बुडाले. देगाच्या मामाची पेढीही चित्र काढले त्याच वर्षी बंद पडली. म्हणजे ते चित्र आणि आमच्या आजा-पणजांची शेती एकाच बाजाराच्या दोन टोकांना बांधलेली होती. जळगाव, धुळे किंवा शहादा येथील एखाद्या सभागृहात या एका चित्रावर तासभर बोलणारा वक्ता मिळाला, तर श्रोते गोळा करण्यासाठी आयोजकांना जाहिरात करावी लागणार नाही.

मूळ चित्रे खानदेशात येणार नाहीत, हे आम्हालाही कळते. त्यांना ठरावीक तापमान, ठरावीक आर्द्रता, विमा, पहारा सारे काही लागते, आणि मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात माणसांचेच रंग उडतात तिथे तैलचित्रांची काय कथा. मात्र व्याख्याता, मूळ आकारातल्या उत्तम छपाईच्या प्रती आणि कार्यशाळेचे साहित्य यांना यातले काहीच लागत नाही. मूळ आकाराचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. पाठ्यपुस्तकातल्या तिकिटाएवढ्या चित्रांमुळे मुलांना सगळी चित्रे एकाच मापाची वाटतात. देगाचे ते चित्र उंचीला ७३ आणि रुंदीला ९२ सेंटिमीटर आहे, तर रोझा बोनर हिचे १८४९ चे नांगरणीचे चित्र, ज्यात बैलांच्या जोड्या ओळीने नांगर ओढत आहेत, सुमारे अडीच मीटर रुंद आहे. फळ्यावर खडूने हे दोन चौकोन शेजारी-शेजारी आखले की वर्ग गप्प होतो, हा माझा अनुभव आहे. पोळ्याला बैल रंगवणाऱ्या मुलांना त्या दुसऱ्या चौकोनात काय असेल हे पाहायची घाई झालेली असते.

जागांची तर इथे वाण नाही. भुसावळला रेल्वेचा एवढा मोठा पसारा आहे. क्लोद मोने याने १८७७ साली पॅरिसच्या सॅं-लझार स्थानकाची डझनभर चित्रे काढली, त्यांवरचे व्याख्यान भुसावळइतके दुसरीकडे कुठे शोभेल? वाफेच्या इंजिनावर काम केलेले वृद्ध अजून तिथे भेटतात. इंजिनाची वाफ नुसती पांढरी नसते, ती सकाळी निळसर आणि कोळशाच्या धुरात मिसळली की करडी दिसते, हे त्यांना मोनेने सांगायची गरज नाही. तीन वर्षे आधी, १८७४ मध्ये, मोनेच्याच एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने या चित्रकारांची ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून टिंगल केली आणि तेच नाव पुढे त्यांना चिकटले. त्यांच्या इम्प्रेशनिझमला आपण मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शब्द जरा जडच आहे. भुसावळच्या फलाटावर उभे राहून तो समजावला तर हलका होईल. चाळीसगावला स्टेशनजवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर त्यांच्या छायाचित्रांसह जपलेले आहे. विलायतेत शिकून परतलेल्या आणि पुढे जवळजवळ सारे आयुष्य त्या एका घरात घालवलेल्या या कलावंताच्या अंगणात छाया-प्रकाशावरची कार्यशाळा होण्यासारखी दुसरी उचित गोष्ट नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. या संस्थांना मुंबईहून एक पत्र यावे लागेल.

आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. दालनात आमच्या एका विद्यार्थिनीने वही काढून एका निसर्गचित्राची रचना टिपायला सुरुवात केली, तोच पहारेकऱ्याने तिला थांबवले. चौकशी केल्यावर कळले की पेन आणि रंग यांना मनाई असून पेन्सिलीला परवानगी आहे. ते पहारेकऱ्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. तोपर्यंत त्या मुलीने वही पिशवीत घातली होती आणि नंतर ती पुन्हा काढायला ती तयार झाली नाही. पॅरिसचे लूव्र १७९३ मध्ये जनतेसाठी खुले झाले तेव्हापासून तिथे समोर बसून नकला करण्याची चित्रकारांना मुभा आहे आणि देगा आणि एदुआर माने या चित्रकारांच्या पिढीचे शिक्षण बरेचसे त्या दालनांतच झाले. या चित्रांसोबत ती रीतही इकडे यायला हवी होती. आठवड्यातला एक दिवस वही-पेन्सिलीसाठी राखून ठेवला, तर त्याला वेगळा खर्च काहीच येत नाही.

घराशेजारी अजिंठा असताना फ्रेंच चित्रे कशाला, असे विचारणारे भेटतात. पॅरिसमध्ये शिकून आलेली अमृता शेरगिल १९३६ मध्ये अजिंठा पाहून गेली आणि पुढच्याच वर्षी तिने काढलेल्या दक्षिण भारतीय माणसांच्या चित्रांत त्या लेण्यांचा ठसा स्पष्ट दिसतो. दोन्हीकडचे पाहिलेल्या डोळ्याला काय साधते, याचे एवढे एक उदाहरण मला पुरेसे वाटते. अर्थात दोष एकट्या मुंबईचा नाही. आमच्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसतात ती बहुतेक दहावीच्या वाढीव गुणांसाठी, चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्यात मुख्याध्यापकांना काही वावगे वाटत नाही, आणि चाळीसगावचे ते घर जिल्ह्यातल्या किती कलाशिक्षकांनी आतून पाहिले आहे, हा प्रश्न मी आमच्याच बैठकीत विचारला तेव्हा वर आलेले हात मोजायला एका हाताची बोटे पुरली.

प्रदर्शनाचे अजून काही आठवडे शिल्लक आहेत. तेवढ्या अवधीत खानदेशात कार्यक्रम उभे राहणे अवघड आहे, हे मान्य. ती मागणी पुढच्या प्रदर्शनासाठी समजावी आणि तिची तयारी चित्रे जहाजावर चढण्याआधीच सुरू व्हावी. मात्र एक रविवार, सकाळी अकरा वाजता, मराठी फेरी आणि त्यानंतर तासभर पेन्सिल-वहीची मोकळीक, एवढे आताही शक्य आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्यांसाठी पंचवीस जागा दूरध्वनीवरून राखून ठेवाव्यात. तारीख निदान तीन आठवडे आधी आपल्या दैनिकातून जाहीर व्हावी, कारण रात्रीच्या गाडीला स्लीपरचे आरक्षण त्याहून उशिरा मिळत नाही, आणि धरणगावच्या बाईंना आता बसून प्रवास झेपत नाही.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
पारोळा, जि. जळगाव