काकू, तुम्ही टाके मोजलेत

काकू,

हे तुम्हाला समोरासमोर सांगता आलं असतं, भिंतीपलीकडेच तर राहता. पण समोर आलं की माझे शब्द अडतात. त्या दुपारी तर तुम्हाला ‘बसा’ म्हणायचंही मला सुचलं नव्हतं. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

तुम्ही मशीनचं तेल मागायला आला होतात. मी जमिनीवर बसलेले, आजूबाजूला कागदाचा नुसता भुगा. बहिणीच्या बाळासाठी चांदण्यांची गोधडी करत होते. छापील कागदावरच्या रेघांवरून कापडाचे तुकडे कागदासकट शिवत जायचे आणि शेवटी मागचा कागद फाडून काढायचा. असं केलं की चांदणीची टोकं अगदी सुईसारखी येतात, म्हणून तर एवढा खटाटोप. माझी आलीही होती. २४ चौकोन, दोन महिने, रोज रात्री सगळे झोपल्यावर. आणि कागद काढायला घेतला तर त्याच्याबरोबर शिवणच उसवायला लागली. टाके ताणले जाऊन सैल पडत होते, दोन तुकड्यांच्या मधून दोरा दिसत होता. सहा चौकोन असे हातचे गेले होते.

ज्यांच्याकडे पैसे भरून मी हे शिकले, त्यांना फोटो पाठवला. ‘हात जड आहे तुझा, या कामाला हलका हात लागतो,’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या एका जाणत्या बाईंनी पाण्याचा फवारा मारायला सांगितलं. मारला. कागद मऊ झाला खरा, पण त्याच्यावरची प्रिंटरची शाई पांढऱ्या कापडात उतरली. तसं कळवलं, तर ‘शाई पक्की आहे का ते आधी बघायला नको?’ म्हणून मलाच विचारलं. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मला अजून राग आहे. कारण या दोन उत्तरांनंतर माझ्या हातातच खोट आहे असं मी खरोखर धरून चालले होते. उरलेले चौकोन पिशवीत भरून माळ्यावर टाकायचे, असं त्या दुपारी ठरवलंही होतं.

तुमचे गुडघे दुखतात, तरी तुम्ही खाली बसलात. चष्मा लावलात, एक चौकोन उचललात आणि उलटा केलात.

काकू, माझं मन तिथेच घुटमळतं. तोवर माझा चौकोन कोणी उलटा करून पाहिलाच नव्हता. तुम्ही टेप शिवणीला लावलीत, टाचणी घेतलीत आणि एकेका टाक्यावर टोक टेकवत ओठातल्या ओठात मोजायला लागलात. इंचाला १०. दुसरी शिवण मोजलीत, तिथेही १०. मशीनकडे मान वळवून टाक्याच्या लांबीचं बटण पाहिलंत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, ‘हात जड नाही गं तुझा. टाका लांब आहे.’

मला रडू आलं ते तुम्ही पाहिलंत, आणि पाहिलं नाही असं दाखवलंत. त्याचेही आभार.

बटण २.५ वर होतं, म्हणजे अडीच मिलिमीटरचा टाका, कपडे शिवताना असतो तसाच. कागदावर शिवताना ते १.५ च्या आसपास आणायचं, म्हणजे इंचाला १७ टाके बसतात, भोकं जवळजवळ पडतात आणि कागद पोस्टाच्या तिकिटांसारखा सुटतो. इतकी साधी गोष्ट! ती शिकवायला विसरणं मी समजू शकते. विसरून वर माझ्या हाताला नाव ठेवणं मला समजत नाही.

बाकीचे १८ चौकोन लांब टाक्यातच शिवलेले होते, ते तुम्ही उसवायला लावले नाहीत. माझा डावा अंगठा धरून शिवणीवर ठेवलात. ‘आधी टाक्याला आधार दे, मग कागदाला हात लाव.’ कागद शिवणीवर दुमडून नखाने घडी कडक करायची, शेवटी शिवलेल्या तुकड्यापासून उलटं मागे यायचं. आणि तेही आत्ता नाही, चौकोन एकमेकांना जोडून झाल्यावर. कारण चांदणीच्या कडा उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या असतात, कागद निघाला की त्या ताणल्या जातात. मी नेमकी इथेच घाई करत होते. कोपऱ्यातले कपटे तुम्ही चिमट्याने काढून दाखवलेत, एकेक, दोरा न ओढता. दिवे लागेपर्यंत बसलात.

कसब असलेली माणसं खूप भेटतात हो. आपलं कसब समोरच्याला लहान न करता देणारी थोडी. तुम्ही मला एकदाही ‘एवढंही माहीत नाही?’ असं म्हटलं नाहीत, डोळ्यांनीसुद्धा नाही. अशा एका माणसाच्या भरवशावर पुढची कितीतरी वर्षं हातात सुई धरता येते.

ते सहा चौकोन मी नव्याने केले, १.५ वर. सगळे जोडून झाले, आणि काल रात्री शेवटचा कागद काढला. त्या नव्या चौकोनांचा तर एका दमात टर्रकन निघाला, पूर्ण पट्टीच्या पट्टी, टाका जागचा हलला नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, नाहीतर तुमचं दार वाजवलं असतं.

आणि तुम्ही मागायला आलेलं तेल त्या दिवशी द्यायचंच राहिलं. तुमची मशीन इतके दिवस तशीच चालत असेल. उद्या सकाळी घेऊन येते, गोधडीही आणते. उलटी करून बघा.