भाव चढला की दार बंद, पडला की बाजार खुला

संपादक महोदय,

खुल्या बाजारावरचा विश्वास मराठवाड्याला बाहेरून कोणी शिकवलेला नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेमागे इथली गावेच्या गावे उभी राहिली. सरकार शेतकऱ्याला जे देते त्याहून जास्त भाव पाडून काढून घेते, ही त्यांची 'उणे सबसिडी'ची मांडणी आजही खोडता येत नाही. तेव्हा आम्ही बाजाराचे वैरी नाही. पण व्यापार खुला केला की जगातली विषमता आपोआप मिटेल, ही श्रद्धा सोयाबीन-कापसाच्या हिशेबात टिकत नाही.

अमेरिकेतल्या शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव बुशेल या मापावर निघतो. बुशेल म्हणजे 27.2 किलो, क्विंटलला 3.67 बुशेल. बुशेलला 10 डॉलर आणि डॉलरला 88 रुपये धरले, तर क्विंटल साधारण 3,230 रुपयांना पडते. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये. एवढा फरक दाखवून 'तुम्हाला परवडत नसेल तर पीक बदला' असे सांगितले जाते. मात्र शिकागोचा भाव म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची पूर्ण मिळकत नव्हे. 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के शुल्क लावले आणि भाव कोसळला. तेव्हा अमेरिकी सरकारने बुशेलमागे 1.65 डॉलर थेट शेतकऱ्याला दिले. क्विंटलला ते सहा डॉलर होतात, त्या वेळच्या दराने चारशे रुपयांहून जास्त. तिथे एकरी 50 बुशेल, म्हणजे साडेतेरा क्विंटल पिकतात. आपल्या कोरडवाहू रानात पाच-सहा क्विंटल आले तरी माणूस समाधान मानतो. मदत उत्पादनावर मोजली की ज्याचे जास्त पिकते त्यालाच जास्त मिळते. ज्याची तिजोरी मोठी त्याला पडलेला भाव सोसवतो, आणि त्याच भावाने दुसऱ्याचे घर बसते.

कापसाचे उदाहरण याहून बोचरे आहे. अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत भांडला, जिंकला आणि 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर घेऊन मोकळा झाला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी 2003 मध्ये हीच तक्रार मांडली होती. त्यांच्या पदरात असे काही पडले नाही. निकाल हाती आला तरी उलट शुल्क लावून समोरच्याला झोंबवण्याची ताकद लागते. ती ब्राझीलकडे होती, मालीकडे नव्हती.

आता घरचे. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, तर केंद्राने 12 लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. जे बियाणे इथे पेरायला बंदी, त्याचीच पेंड चालली. ऑक्टोबरात भाव पाच हजारांच्या आसपास आला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचा भाव आजच ठरवणारे सौदे, थांबवले, ते मुदतवाढीवर मुदतवाढ घेत बंदच राहिले. मग पेरताना ऑक्टोबरच्या भावाचा अंदाज कशावरून बांधायचा? मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. कापसावरचे 11 टक्के शुल्क 19 ऑगस्टपासून आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. पहिली वेचणी, दसरा, दिवाळी सगळे त्यातच गेले. याला खुला बाजार म्हणता येत नाही. चढता भाव अडवायचा आणि पडता सोडून द्यायचा, असा हा कारभार आहे.

त्यात परतीच्या पावसात काढलेल्या मालाचा ओलावा 17 टक्क्यांपर्यंत जातो. हमीभाव केंद्रावर मर्यादा 12 ची. म्हणून माल आडतीवर जातो. 17 टक्क्यांचे 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर आणले की 94.3 किलो उरते. चार हजारांच्या भावाने घट सव्वादोनशे रुपयांची. वाळवणीची मजुरी वेगळी धरा. त्यापुढची कपात ओलाव्याची नाही, हरभऱ्याचे बियाणे-खत आणायला आजच पैसे लागतात याची आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना किमतीच्या 75 टक्के कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी देते. योजना चांगली आहे, पण ओला माल गोदामात ठेवला की बुरशी धरतो. वाळवायला जागाच नसेल तर तारण ठेवायचे काय?

म्हणून प्रत्येक बाजार समितीने दिवाळीआधी सिमेंटचे ओटे आणि ताडपत्र्या द्याव्यात. ओलावा शेतकऱ्यासमोर मोजून आकडा काटापट्टीवर लिहावा. केंद्राने वायदे सुरू करावेत, आणि शुल्कात बदल करायचाच असेल तर तो जूनच्या पेरणीआधी जाहीर करून जानेवारीपर्यंत त्याला हात लावू नये.

— एक वाचक, लातूर