इंजिन बंद कधी पडतं, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवरचा लेख वाचला. मॉडेल बोटीच्या ग्लो इंजिनाबद्दल त्यात तीन-चार ओळी आहेत. ते म्हणे ‘छोटं पेट्रोल इंजिन’ असतं आणि चालता चालता बंद पडलं तर नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) फिरवावी, इंधनात नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन, वाढवावं. मला यातलं काहीच पटलेलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझा लेथ आहे. दिवसभर पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग करतो, आणि संध्याकाळी साडेतीन सीसीची इंजिनं घेऊन आलेल्या पोरांशी डोकं लावतो. लेख आल्यापासून ही पोरं वाढलीत, आणि त्यातल्या एका बोटीच्या टाकीत खरोखरच पेट्रोल निघालं.

पेट्रोलचंच आधी सांगतो. या इंजिनाचं इंधन मिथेनॉल, आणि त्यात ठिणगी पडत नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना त्याला दीड व्होल्टच्या सेलने लाल करायचं आणि इंजिन लागलं की सेलची क्लिप काढून घ्यायची. (बारा व्होल्टची बॅटरी थेट लावणारेही भेटलेत. वेटोळं क्षणात जातं.) पुढे ती तार लाल राहते ती सिलिंडरमधल्या उष्णतेवर, आणि मिथेनॉलची वाफ तापल्या प्लॅटिनमला लागली की तिथेच जळून त्याला गरम ठेवते म्हणून. पेट्रोलचं प्लॅटिनमशी असं जमत नाही. क्लिप लावलेली असेतो इंजिन फुरफुरेल, काढली की गप्प. रे आर्डन यांनी अमेरिकेत 1947 साली हा प्लग बाजारात आणला, तेव्हा कुठे मॉडेलवाल्यांच्या मागची, ठिणगीसाठी लागणाऱ्या कॉइल आणि कंडेन्सरची पीडा टळली.

दुसऱ्या एकाने मिथेनॉल आणलं होतं, पण त्यात मोटारसायकलचं टू-टी ऑइल ओतलेलं. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. बाटली जरा स्वस्थ ठेवली की तेल तळाला जातं, मग इंजिनाला कधी कोरडं मिथेनॉल मिळतं, कधी नुसतं तेल. बंद पडत होतं म्हणून वाचलं, नाहीतर पिस्टन जाम झाला असता. इथे एरंडेलच लागतं, किंवा याच इंजिनांसाठी येणारं सिंथेटिक तेल. चार भाग मिथेनॉलला एक भाग शुद्ध एरंडेल, एवढ्यावर बरीच इंजिनं नीट चालतात. नायट्रोमिथेनने ताकद वाढते, मंद गतीला इंजिन स्थिर राहतं, हे खरं आहे. पण दोष इंधनाच्या नळीत असेल तर नायट्रो घालून खिसा तेवढा हलका होतो.

आता बंद पडण्याचं. पोरगं आलं की मी इंजिनाला हात लावत नाही, आधी विचारतो, कधी बंद पडतं? ‘असंच पडतं’ म्हणाला तर त्याला परत पाठवतो, चालवून नीट बघून ये म्हणून. उत्तर आलं की निम्मं काम झालेलं असतं.

क्लिप काढताक्षणी बंद पडत असेल तर संशय प्लगवर आणि इंधनावर. प्लग काढून सेलला लावा. सगळं वेटोळं भगभगीत नारिंगी दिसायला हवं. मळकट लाल दिसलं किंवा अर्धंच तापलं तर प्लग बदला, त्याला साफ करत बसण्यात अर्थ नाही. नवा प्लग लावूनही तेच, तर बाटली बघा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्याकडचा पावसाळा म्हणजे विचारायलाच नको. सैल टोपणाची अर्धी बाटली पावसाळाभर माळ्यावर राहिली असेल तर ते इंधन इंजिनाला दाखवूसुद्धा नका. दाट धूर आणि सायलेन्सरमधून ओलं तेल येत असेल तर मिक्श्चर जास्त रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, प्लग भिजून विझतोय.

इंजिनाचा आवाज एकदम चढतो, किंचाळतं आणि थांबतं, तर ते उपाशी मरतंय. सिलिकॉनच्या पारदर्शक नळीकडे बघा. बुडबुडे येत असतील तर नीडल कितीही फिरवा, हातात काही लागणार नाही. हवा कुठून घेतंय ते शोधा. नळी निपलवर चढवतो तिथे सुईएवढी चीर असते, नीडलची ओ-रिंग गेलेली असते, किंवा टाकीच्या आतली, टोकाला वजन लावलेली नळी फाटलेली असते. ही आतली नळी सगळ्यात लबाड, कारण टाकी उघडल्याशिवाय दिसतच नाही. टाकी भरलेली असताना बोट छान पळते आणि निम्म्यावर आली की मरते, तर हमखास तीच. कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि मागच्या प्लेटच्या स्क्रूंशीही हवा शिरते, पण ते नंतर बघायचं.

टेबलावर छान चालतं आणि पाण्यात बंद पडतं, ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिथे सहसा दोष इंजिनाचा नसतो. टेबलावर बोटीचा पंखा हवेत फिरतो, त्याला भार नसतो, हेडला थंड करायला पाणी नसतं. तिथे लावलेली नीडल पाण्यात चुकणारच. आम्ही हातकणंगल्याकडच्या पाहुण्यांच्या शेततळ्यावर जातो. तिथे बोट सोडून, वेगात पळवून, काठाला आणून नीडल जरा बंद करायची, पुन्हा सोडायची. वेग चढायचा थांबला की किंचित मागे उघडायची आणि तिथेच ठेवायची. टाकीची उंचीही बघा. तिचा मध्य साधारण नीडलच्या पातळीला हवा. आणि बोट वेगात आली की नाक वर उचलते हे विसरू नका. टाकी इंजिनाच्या पुढे असेल तर ती वर जाते आणि मिक्श्चर रिच होतं. मागे असेल तर खाली जाते आणि लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. वळणावर बंद पडत असेल तर इंधन बाहेरच्या बाजूला फेकलं जातंय. शर्यतीतल्या बोटी उजवीकडे वळतात, म्हणून त्यांचा पिकअप, म्हणजे इंधन ओढणारं नळीचं तोंड, टाकीच्या डाव्या बाजूला मागे ठेवतात.

दोन फेऱ्या मारून दमल्यासारखं मंदावत थांबतं, तर बोटीच्या कुशीतून थंड पाण्याची धार येते का बघा. शेततळ्यातलं शेवाळ पंख्यामागच्या, पाणी ओढणाऱ्या नळीत बसतं. उलटही होतं. थंडीच्या सकाळी पाणी इतकं गार असतं की मंद गतीला हेड तापतच नाही आणि प्लग विझतो. बाहेर जाणाऱ्या पाण्याची नळी जरा चिमटली की भागतं.

शाफ्टकडे, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याकडे, तर कुणी बघतच नाही. प्लग काढून फ्लायव्हील बोटाने फिरवा. सोडल्यावर थोडं फिरत राहायला हवं. लगेच अडलं तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत, किंवा शाफ्टच्या नळीतलं ग्रीस वाळलंय. माझ्याकडे येणाऱ्या बोटींत इंजिनाच्या बैठकीखाली पातळ पत्री सरकवून इंजिन सरळ केलं आणि नीडलला हातही लावला नाही, असं पुष्कळदा होतं.

हे सगळं छापायला जागा नसेल तर नका छापू. पण एका गोष्टीबद्दल लेखात चकार शब्द नाही, आणि पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. मिथेनॉल विष आहे. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं दारूत मिसळलेल्या याच मिथेनॉलने गेली. थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही, सांडलेलं पेटलं तरी कळत नाही. ते विकायला परवाना लागतो आणि ते योग्यच आहे. आणि पोरं काय करतात, तर टाकीतलं इंधन कार्ब्युरेटरपर्यंत यावं म्हणून नळीला तोंड लावून ओढतात! माझ्यासमोर एकाने ओढलं तेव्हा मी त्याच्या हातातून बोटच काढून घेतली. कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून फ्लायव्हील दोन वेळा फिरवलं की इंधन आपोआप येतं. टाकी भरायला औषधाच्या दुकानात मोठी सिरिंज मिळते.

पुढच्या रविवारी त्याच पानावर ठळक चौकटीत एवढं द्यावं: ग्लो इंजिनात पेट्रोल घालू नये, मिथेनॉल मोठ्या माणसानेच हाताळावं, त्याच्या बाटलीवर ‘विष’ लिहून ती कुलपात ठेवावी, आणि नळी तोंडाने कधीही ओढू नये.

आपला,
एक लेथवाला वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर