सर्व्हायकल म्हणजे नुसती मान नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सर्व्हायकल कॅन्सर, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि त्याच्या लसीच्या बातम्या येतात त्या मी वाचते, चांगल्या असतात, पण त्यातला 'सर्व्हायकल' हा शब्द असा उघडा छापू नका एवढं सांगायला हे पत्र. आमच्याकडे सर्व्हायकल म्हणजे मान. मान आखडली, हाताला मुंग्या आल्या की माणूस सांगतो मला सर्व्हायकल आहे, आणि मेडिकलमधे जाऊन पट्टा घेऊन येतो.

माझ्या मावशीला एका दवाखान्यात सांगितलं की सर्व्हायकलची टेस्ट करून घ्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती तरी अंगावर लाल जात होतं म्हणून ती गेली होती, पण घरी येऊन म्हणाली माझी मान तर काही दुखत नाही, उगाच पैसे कशाला घालवायचे, आणि चिठ्ठी डब्यात ठेवून दिली. सात महिने गेले. आता उपचार चालू आहेत. परवा मला म्हणाली, "पिशवीचं तोंड असं म्हणाले असते तर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते गं."

शब्द चुकीचा नाहीये. लॅटिनमधे सर्व्हिक्स म्हणजे मानच, गर्भाशयाचा खालचा भाग मानेसारखा निमुळता असतो म्हणून त्याला सर्व्हिक्स युटेराय म्हणजे गर्भाशयाची मान असं नाव पडलं. मानेच्या सात मणक्यांना डॉक्टर सी-वन ते सी-सेव्हन म्हणतात त्यातला सी पण हाच. डॉक्टरांना कुठली मान ते समोरच्या आजारावरून कळतं, बाईच्या कानावर मात्र एकच शब्द पडतो. हिंदीत 'गर्भाशय ग्रीवा' म्हणतात ते लॅटिनला धरून आहे. आपण मराठीत गर्भाशयमुख म्हणतो, तेही ठीक, पण पूर्ण म्हणायला पाहिजे, कारण नुसतं 'मुखाचा कॅन्सर' म्हटलं की तंबाखूवाला डोळ्यासमोर येतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हटलं तर कुठल्याही गावात कळतं.

आणि हे आपल्या भागात तर कळायलाच हवं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला होता, 2009 ला तो प्रसिद्ध झाला, ज्या गटाला एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी फक्त एकदा मिळाली त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगानं दखल घेतली त्याची. पुण्याच्या सिरमची लस पण 2023 मधे बाजारात आली. एवढं सगळं जवळ असून एका शब्दापायी बाई घरी बसते याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून विनंती, हेडिंगमधेच 'गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' असं लिहा, सर्व्हायकल पाहिजे तर खाली येऊ द्या कारण रिपोर्टवर तोच शब्द असतो. आणि बातमीत दरवेळी दोन ओळी टाका की पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, वास येणारं पांढरं जात असेल तर तपासून घ्या, मान दुखायची वाट बघू नका.

आपली,
एक वाचक, जि. धाराशिव