अँटेनावाल्या काकांना, जाहीर आभार

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि इथे पोळ्यांना कणीक कुठली वापरता ते विचारायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय आमच्यासारखी आरव्ही, म्हणजे घरासारखी राहायची गाडी, घेऊन अमेरिकाभर हिंडणारी मराठी मंडळी ओळखीत वाढत चालली आहेत आणि बऱ्याच जणांच्या छतावरचा अँटेना नुसता शोभेला असतो. त्यांनाही उपयोग होईल.

आमचं मोटरहोम सेकंडहँड. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या पूर्वेला, लॉस्ट डचमन स्टेट पार्कात मुक्काम होता. सुपरस्टिशन डोंगर अगदी दारात. सगळी सोय झकास, फक्त टीव्ही लागेल तर शपथ. कधी चार वाहिन्या, कधी एकही नाही. सासूबाई सोबत होत्या. भाषा समजो न समजो, संध्याकाळच्या बातम्या लागल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. दुकानदाराने ऐकून न घेताच निदान केलं, नवा अँटेना बसवा, नाहीतर सरळ डिश घ्या. आमचे हे पाकीट काढायच्या बेतातच होते.

तेवढ्यात तुम्ही लेकीकडून, चँडलरहून, डबा घेऊन भेटायला आलात. दूरदर्शनच्या प्रक्षेपण केंद्रावर अख्खी नोकरी काढलेल्या माणसासमोर हा विषय निघाला आणि वडापाव ताटलीतच गार झाला.

टीव्ही लागत नाही म्हटल्यावर लोक आधी छताकडे बघतात. तुम्ही टीव्हीच्या मेनूत शिरलात. एखाद्या कॅम्पग्राउंडवर केबल जोडली असेल तर सेटिंग 'केबल'वरच राहून जातं, आणि मग हवेतल्या वाहिन्या कितीही शोधा, सापडत नाहीत. आमचं ते बरोबर होतं. मग छतावरच्या अँटेनाला वीज देणारं, भिंतीवरच्या पट्टीतलं हिरव्या दिव्याचं बटण तुम्ही बंद केलंत, चालू केलंत, परत बंद केलंत. टीव्हीवरचा सिग्नलचा आकडा तसूभर हलला नाही. "वर वीज पोचतच नाहीये," तुम्ही म्हणालात.

दिवा लागतो म्हणजे सगळं ठीक, अशीच कोणाचीही समजूत होईल. पण तो दिवा एवढंच सांगतो की वीज पट्टीपर्यंत आली. पुढे तेच १२ व्होल्ट, सिग्नल खाली येतो त्याच केबलमधून, अँटेनाच्या डोक्यात बसवलेल्या, सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरपर्यंत वर चढावे लागतात. ह्यांच्या ड्रॉवरमधला मल्टीमीटर घेऊन तुम्ही कपाटामागे हात घातलात आणि स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन करणारा जोड, बाहेर निघाला. आधीच्या मालकाने बेडरूममधल्या टीव्हीसाठी तो लावला होता, तोही नेमका पट्टी आणि छत यांच्या मध्ये. साधा स्प्लिटर सिग्नल जाऊ देतो, वीज अडवतो. आणि वीज न मिळालेला ॲम्प्लिफायर नुसता गप्प बसत नाही, येणारा सिग्नलही दाबून टाकतो. म्हणजे ॲम्प्लिफायर नसता तर बरं, अशी गत. दुसऱ्या टीव्हीची जोडणी पट्टीच्या मागेच दिलेली असते हे आम्हाला तेव्हा कळलं. स्प्लिटर गेला कचऱ्यात.

छतावर मला पाठवलंत, कारण ह्यांचा गुडघा. वरच्या जोडणीचं काळं रबरी टोपण उन्हाने तडकलं होतं. कनेक्टर फिरवून काढला तर मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवा थर, आणि भोवतीची विणलेली जाळी काळी पडून बोटांत चुरा होत होती. तुम्ही खालून ओरडत होता, "चकचकीत तांबं दिसेपर्यंत काप!" वीतभर केबल कापावी लागली. जवळच्या अपाची जंक्शन गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून दाबून बसवायचा नवा कनेक्टर आणला, त्यावर सिलिकॉन ग्रीस, वर नवं टोपण. या सगळ्या खटाटोपाला एवढाच खर्च. दुकानदाराच्या डिशची किंमत मी इथे लिहीत नाही, ह्यांना वाईट वाटतं.

मग दिशा. फिनिक्सचे टीव्ही प्रक्षेपणाचे मनोरे साउथ माउंटनवर, म्हणजे आमच्यापासून सुमारे ३५ मैल, पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे. पुण्यात सगळ्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचे तसंच हे, असं तुम्ही म्हणालात आणि मला एका झटक्यात समजलं. छतातलं हँडल फिरवून अँटेना पूर्ण वर, मग हळूहळू वळवायचा. पूर्वी थोडा सिग्नल असला तरी मुंग्यांतून का होईना, माणूस दिसायचा. इथे मोठ्या स्टेशनांचं ते जुन्या पद्धतीचं, ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं आणि सगळं डिजिटल झालं. आता सिग्नल जरा कमी पडला की चित्राचे चौकोन होतात आणि मग काहीच नाही. म्हणून चित्र बघत अँटेना फिरवायचा नाही, सिग्नलचा आकडा बघायचा, आणि फिरवल्यावर दोन-चार सेकंद थांबायचं. हे थांबणं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. शेवटी वाहिन्यांचा शोध नव्याने लावला आणि यादी खाली सरकतच राहिली.

पण मला खरी मजा वाटली ती पुढची. संध्याकाळी ८ आणि १० नंबरच्या वाहिन्या पुन्हा तुटायला लागल्या, बाकी सगळ्या ठणठणीत. मी म्हटलं, वारा असेल. तुम्ही म्हणालात, वारा नंबर बघून येत नाही. पडद्यावरचा नंबर आणि प्रक्षेपणाचा खरा चॅनेल एकच असेल असं नाही. फिनिक्सची ५ नंबरची वाहिनी प्रत्यक्षात १७ वर, यूएचएफमध्ये, म्हणजे जास्त कंपनसंख्येच्या लहरींवर आहे. पण ८ आणि १० खरोखरच ८ आणि १० वर आहेत, म्हणजे व्हीएचएफ, त्याहून कमी कंपनसंख्येच्या लहरींवर, आणि स्वस्तातल्या एलईडी दिव्यांच्या आतल्या सर्किटचा गोंगाट व्हीएचएफला जास्त नडतो. मग एकेक दिवा बंद करत, सासूबाईंचा छोटा रेडिओ हातात धरून तुम्ही गाडीभर फिरलात. ओट्यावरच्या दिव्याखाली रेडिओ खरखरला. तो बल्ब बदलला आणि दोन्ही वाहिन्या स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या, "असा मुलगा हवा होता." ह्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

काका, तुम्ही दुरुस्त करून निघून गेला असतात तरी आम्ही आभारी असतो. पण निघण्याआधी तुम्ही माझ्याकडून सगळं परत करून घेतलंत, केबल सोडवून, जोडून, अँटेना उलटा फिरवून. तेव्हा मनातल्या मनात जरा चिडले होते. आता प्रत्येक नव्या मुक्कामी मीच आधी मनोरे कुठल्या दिशेला आहेत ते बघते, अँटेना वळवते, नव्याने शोध लावते. शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांचंही बटण बंद-चालू करून बघितलं. त्यांच्याकडे वीज वर जात होती, अँटेनाच डोंगराकडे तोंड करून होता. आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे गाडीच्या किल्लीला 'अँटेना खाली?' अशी चिठ्ठी अडकवली आहे. ह्यांनी एकदा ती बाजूला सारून गाडी सुरू केली होती, पण तो विषय इथे नको.

मार्चअखेर आम्ही फ्लॅगस्टाफकडे निघतोय. तुम्ही पुण्याला परतायच्या आत चँडलरला चक्कर टाकू. या खेपेला वडापाव मी करणार, आणि तो गरम असतानाच खायचा.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
छतावर चढलेली