साभार परत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल पुस्तकाची शेवटची मुद्रितं तपासून हातावेगळी केली. आता त्यात काना-मात्रासुद्धा हलवायची नाही. टेबल रिकामं झालं आणि पहिली आठवण तुमची आली. फोनवर बोलायला गेले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

आई, मागच्या खेपेला तुझ्या शिवणाच्या पेटीत मला एका बाहीचं कागदी कटिंग सापडलं. कागद माझा होता. परत आलेल्या कथेची दोन पानं खळीने जोडून तू ती बाही बेतली होतीस. मुंढ्याच्या गोलाईवर माझं एक वाक्य मधोमध कापलं गेलं होतं: ‘ती दारात उभी राहिली आणि’. पुढचं सगळं कात्रीने नेलं. पुढे काय होतं ते मला पाठ होतं: तिचे डोळे, त्यातलं पाणी, त्या पाण्याला दिलेली तीन विशेषणं. पेटीशी बसून ते अर्धं वाक्य कितीदा तरी वाचलं. तू कापलंस तेच बरोबर होतं. नव्या पुस्तकात ती बाई नुसती दारात उभी राहते.

कापड बेतताना तू म्हणायचीस, शिवणीत माया सोड, अंग भरलं की उसवून वाढवता येतं. पहिला खर्डा मी अजून तसाच लिहिते, सैल, चहूकडून माया सोडून. कुठे दाबायचं आणि कुठे उसवायचं ते नंतर. या कामाला मी इतकी वर्षं ‘पुनर्लेखन’ म्हणत आले. खरं तर ते तुझ्या मशीनशेजारी बसून शिकलेलं शिवणकाम आहे.

बाबा, नोकरी गेल्यावर मी घरी येऊन राहिले, त्या दोन वर्षांचा विषय तुम्ही कधी काढत नाही. टपाल तुम्हीच घ्यायचात. ‘साभार परत’चं पाकीट आलं की ते वर्तमानपत्राखाली सरकवायचात आणि माझं जेवण झाल्यावर हातात द्यायचात. मला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बोलले नाही, कारण त्या पाकिटाआधी चार घास पोटात जावेत एवढंच तुमच्या हातात होतं आणि ते तुम्ही न चुकता करत होतात. ‘पुढे काय करणार?’ असं एकदाही विचारलं नाहीत. तो प्रश्न बाकी सगळ्यांनी विचारला होता.

रात्री मी वाचून दाखवायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि एखाद्या ठिकाणी डोळे उघडायचात, बस. तिथे हमखास काहीतरी खोटं असायचं. कधी उसनं दुःख, कधी नुसता शब्दांचा डौल. आजही मोठ्याने वाचताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते. हे पुस्तक छापून आलं की तुम्हाला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवणार आहे. डोळे उघडलेत तरी आता दुरुस्ती होणार नाही, पण मला कळायला हवं.

आई, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून तू शिवण बंद केलंस, असं बाबांकडून कळलं. मला का नाही सांगितलंस? पुढच्या आठवड्यात येतेय. आले की सगळ्या रंगांचे दोरे घालून दहा-बारा सुया ओवून ठेवीन. संपल्या की पुन्हा येईन.

तुमची,
लेक